अपूर्ण डब्यांची यादी

"हा घोडा नाहीये, हे बटण आहे," आठ-नऊ वर्षांची मुलगी पटाकडे बोट दाखवून म्हणाली.

"बटणच आहे ते," सोंगटीताई म्हणाली. "पण आमच्याकडे गेली सहा वर्षं घोड्याची नोकरी करतंय. अडीच घरं चालतं, कधी रजा मागत नाही. बघ चालवून."

मुलीने बटण अडीच घरं चालवून पाहिलं. तिची खात्री पटली आणि समोर बसलेल्या आजोबांचा हत्ती गेला.

सोंगटीताई हे नाव असल्याच पोरांनी ठेवलेलं. एरवी ती ग्रंथालयात मदतनीस होती. परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची, सुटलेली पानं चिकटवायची. आठवडाभर लोक तिला विचारायचे ते एवढंच, की स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे. महिन्याचा दुसरा रविवार मात्र तिचा. अकरा वर्षांपूर्वी लोकांना खेळायला म्हणून तिने घरातले चार जुने बैठे खेळ पिशवीत घालून आणले होते. आता चाळीस डबे झाले होते आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसायला खुर्ची मिळत नव्हती. त्या एका दिवशी पन्नास-साठ माणसं तिला हाका मारायची. सतत कोणाला तरी तिची गरज असायची, आणि हे तिला फार आवडायचं. का आवडू नये?

तिची एक खोड होती. खेळ संपले की ती प्रत्येक डबा मोजायची. काही हरवलं असेल तर झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर लिहायची, 'घोडा एक नाही, त्याऐवजी तपकिरी बटण.' नवरा म्हणायचा, "घरातले चमचे कधी मोजलेस का एवढ्या निगुतीने?" ती म्हणायची, "चमचा हरवला तर कोणाचा डाव अडतो?"

खिडकीजवळच्या टेबलावर दातांचे डॉक्टर बसले होते. ग्रंथालयाच्या समितीवर होते, खेळायला हौसेने यायचे आणि दर वेळी हरायचे. ती जवळून जाताना ते म्हणाले, "ताई, आज तरी मला जिंकू द्यायला सांगा यांना. शेवटचा रविवार आहे."

"शेवटचा कशाने? गावाला चाललात का?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्याकडे. समोरच्या गृहस्थांना 'आलोच' म्हणून ते उठले आणि तिला कपाटांच्या बाजूला घेऊन गेले.

"ग्रंथपाल मॅडम बोलल्या नाहीत तुमच्याशी?"

"कशाबद्दल?"

"पुढच्या महिन्यापासून हा हॉल अभ्यासिकेला जाणार. संगणक बसवणार आहेत. दीड महिना झाला ठरून." ते चष्मा पुसायला लागले. "मी बैठकीत म्हटलं होतं, खेळांचं काय करायचं? तेव्हा मॅडमनी यादी वाचून दाखवली. चाळिसातले एकतीस डबे अपूर्ण. मोडकं सामान सांभाळत कोण बसणार, असं मत पडलं सगळ्यांचं. यादीखाली तुमची सही होती हो. मला वाटलं, तुम्हीच कंटाळलात."

यादी तिचीच होती.

दोन महिन्यांपूर्वी ग्रंथपालबाई चहा घेताना म्हणाली होती, "अगं, मला एक यादी करून दे. पूर्ण डबे किती, अपूर्ण किती. नवे मागवू या." नवे डबे म्हटल्यावर ही हुरळून गेली. तीन दिवस बसून यादी केली, आणि एक सोंगटी कमी असली तरी समोर 'अपूर्ण' लिहिलं. एका डब्यात फक्त नियमांचा कागद नव्हता, त्यालाही सोडलं नाही. खाली स्वच्छ अक्षरात सही ठोकली.

आणि ती यादी करायला सांगणारी कोण, तर ग्रंथपालबाई. दोघी एकाच वर्षी एकाच काउंटरवर लागलेल्या. ती परीक्षेचा अभ्यास करायची तेव्हा तिच्या वाटचं काम हिने दोन वर्षं केलं होतं. याला केसाने गळा कापणं म्हणतात, आणि इथे तर केसही हिच्याच डोक्यावरचा घेतला होता.

ती खाली ऑफिसात गेली. दार लावून घेतलं.

"नवे डबे मागवायचेत म्हणालीस."

ग्रंथपालबाईने पेन खाली ठेवलं. तिला लगेच कळलं. "कोणी सांगितलं?"

"ते जाऊ दे."

"समितीने मनावरच घेतलं होतं गं. मी काय करणार? बंद करायला कागदावर काहीतरी कारण लागतं."

"म्हणून माझी सही लागली."

"तुझ्या सहीवर सगळ्यांचा विश्वास आहे."

"डबे अपूर्ण असले तरी खेळता येतात, हे सांगितलंस त्यांना?"

ग्रंथपालबाई समोरचे कागद नीट लावायला लागली.

"तुला तर माहीत होतं. त्या घोड्याचं बटण तुझ्या कोटाचं आहे. तूच तोडून दिलंस."

"ते सांगितलं असतं तर यादीचा उपयोग काय राहिला असता?" ती हळूच म्हणाली. "तुला आधी सांगणार होते. पण तुझा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. म्हटलं, आजचा दिवस तरी हिचा आनंदात जाऊ दे. आणि लोकांना तूच सांग ना शेवटी. तुझं ऐकतात ते."

सोंगटीताईला रडू आलं नाही. संताप आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, इतकं सोपं होतं का आपल्याला फसवणं?

"सही माझी वापरलीस," ती म्हणाली. "तोंड तुझं वापर."

पाच वाजता ग्रंथपालबाईने वर येऊन सांगितलं. वाचकांची सोय, समितीचा निर्णय, सगळं नीट सांगितलं. कोणी भांडलं नाही. एका बाईंनी विचारलं, मग आम्ही रविवारी जायचं कुठे? त्यावर ती म्हणाली, बघू काहीतरी. लोक पुन्हा आपापल्या पटांकडे वळले. डाव अर्धे होते.

ग्रंथपालबाई खाली गेली नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाशी बसली, बुद्धिबळाचा डबा उघडला आणि दोन्ही बाजूंची मोहरी स्वतःच मांडली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ये गं. एक डाव होऊन जाऊ दे आपला."

सोंगटीताई तिच्याकडे गेली. ग्रंथपालबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं हसू आलं.

"एकट्याच आलात का?" सोंगटीताईने विचारलं. कोणी नवखं आलं की ती असंच विचारायची, अगदी याच आवाजात.

सोंगटीताईने वळून नुकताच डाव संपवलेल्या आजोबांना हाक मारली. "काका, इकडे बसता का? यांना जोडीदार नाहीये." आजोबा आनंदाने आले. तिने त्यांना खुर्ची ओढून दिली आणि पट थोडा सरळ केला.

"पांढऱ्याने सुरुवात करायची," ती ग्रंथपालबाईला म्हणाली. "घाई करू नका. सहापर्यंत हॉल उघडा आहे."

पलीकडे कोणाचा तरी फासा टेबलाखाली गेला होता. ती तिकडे गेली आणि गुडघ्यांवर बसून शोधायला लागली.