गुलशन टॉकीजचा लेडीज कोपरा

रीळ पहिलं.

बेबीताईंच्या घरात पालकाच्या बियांची पाकिटं साठत चालली होती. मेथीची, कोथिंबिरीचीसुद्धा. परसात वाफा नाही, विहिरीला पाणी नाही; तरी चिखलीच्या बाजाराला गेल्या की एक पाकीट आणायच्याच.

"आई, एवढं पेरतं कुठं तू?" शेखरनं एकदा विचारलं.

"राहू दे. तिकीट हाय ते."

शेखरला वाटलं, आईचं आता वय झालं.

पाकिटं यायची जाकीरच्या कृषी केंद्रातून. कृषी केंद्र गुलशन कॉम्प्लेक्समध्ये, आणि कॉम्प्लेक्स तिथंच, जिथं गुलशन टॉकीज होती. टॉकीज पाडून गाळे काढले. खाली खतं-बियाणं, वर मोबाइलवाला आणि दातांचा डॉक्टर. 'गुलशन' तेवढं पाटीवर राहिलं. पूर्वी सिनेमाचा पडदा होता त्याच बाजूच्या भिंतीवर जाकीरनं टीव्ही टांगला होता. त्यावर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात दिवसभर फिरायची. एकामागून एक शेतकरी, प्रत्येकाच्या हातात बोंड.

त्यातले चौथे माणिकराव. बेबीताईंचे मालक. वारले त्याला आता चार पावसाळे होत आले.

रीळ दुसरं. जुनं आहे, मधूनमधून रेघा दिसतील.

टॉकीजमध्ये बायकांची जागा मागच्या कोपऱ्यात, कापडी पडद्याआड. त्या पडद्यावर राज्य इमामबीचं, जाकीरच्या आईचं. बत्ती गेल्याशिवाय ती पडदा सरकवायची नाही आणि बत्ती यायच्या आत ओढून घ्यायची. इंटरव्हल झालं की पुढच्या बाकड्यांवरून माणिकराव उठायचे, मागं वळायचे आणि फुटाण्याची पुडी डोक्यावर उंच धरायचे. एवढ्या गर्दीतून त्यांना बायको काही दिसायची नाही, दिसायचं ते कापड. पण इमामबी माणसांतून वाट काढत येऊन पुडी घेईपर्यंत ते हात खाली करायचे नाहीत.

"ले, तेरे हीरो ने भेजा," पुडी आत देताना इमामबी म्हणायची. पडद्याआडच्या बाया खिदळायच्या. बेबीताई पदरात तोंड लपवायच्या आणि पदराआडच फुटाणे खायच्या.

मग बोंडअळी लागत नाही म्हणत कपाशीचं बीटी बियाणं आलं. पहिल्याच वर्षी कापूस असा फुटला की कंपनीची गाडी बांधावर येऊन उभी राहिली. माणिकरावांच्या हाती बोंड दिलं, तोंडी वाक्य दिलं. त्यांची समजूत अशी झाली की जाहिरात लागणार गुलशनलाच, पिक्चरच्या आधी, दंतमंजनाची लागते तशी. "मामा, इकडं बघा, इकडं," कॅमेरावाला सांगून थकला. माणिकराव बोंड डोक्यावर धरून कॅमेऱ्याच्या वरून लांब कुठंतरी बघत राहिले.

"काऊन तसं पाह्यलं?" बेबीताईंनी घरी विचारलं.

"तू कुठं बसतं ते मले माहीत नाही का? तिकडंच पाह्यलं."

जाहिरात तयार होईपर्यंत टॉकीजला कुलूप लागलं होतं.

पुढं गुलाबी अळी आली. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. माणिकराव पाठीवर औषधाचा पंप घेऊन दोन ओळींमधल्या तासात शिरले, वारा उलटा फिरला आणि

रीळ तुटलं.

टॉकीजमध्ये असं झालं की पडदा पांढराफटक व्हायचा आणि लोक शिट्ट्या मारायचे. बेबीताईंच्या अंगणात त्या दिवशी गाव जमलं होतं, पण आवाज कोणाचाच नव्हता.

रीळ शेवटचं.

बेबीताई पाकीट घेऊन जाकीरच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात, खताच्या थप्पीला टेकून बसल्या. बाजूच्या खुर्चीत इमामबी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"आया क्या?"

"नाही, दुसराच हाय अजून."

तेवढ्यात दारात शेखर. गावात कोणीतरी त्याला डिवचलं होतं, तुझा बाप चिखलीत बियाणं विकून राह्यला म्हणून.

"फवारणीची कटकट नाही, डोक्याले ताप नाही," टीव्हीतून माणिकराव म्हणाले.

"ऐकलं का, जाकीरभाई?" शेखरचा आवाज फाटला. "फवारणीची कटकट नाही म्हणते! अन् फवारता फवारता गेला तो. बंद करा हे."

"कंपनीची नवी फिल्म कवाची आली हाय, शेखर. मी हे काढूनच टाकणार होतो, पण..." जाकीरनं कोपऱ्याकडं पाहिलं.

शेखरला आई दिसली. तिच्या मांडीवरचं पाकीट दिसलं.

"हे तिकीट व्हय?"

बेबीताई काउंटरकडं वळल्या. "जाकीर, आवाज बंद कर. बोलणं कंपनीचं होतं. पाह्यणं त्यायचं सोताचं हाय."

आवाज गेला. फेरा संपून माणिकराव पुन्हा आले, मुक्यानं ओठ हलवले, बोंड वर धरलं. शेखर चौकटीला टेकून बघत राहिला.

काउंटरवर देऊळघाटचा एक शेतकरी उभा होता. तोही बघत होता.

"थ्या मामाच्या हातात हाय ना, थेच द्या," तो म्हणाला. "भरवशाचा माणूस दिसते."

बेबीताईंची मूठ आवळली. पाकीट फाटलं, पालकाच्या बिया लुगड्यावर सांडल्या.

"देऊ नको रे त्याले," त्या म्हणाल्या. मग टीव्हीकडं बघत, "बंदच कर."

"मावशी..."

"एकडाव येऊ दे. त्यायनं हात खाली घेतला की कर."

जाकीर रिमोट धरून उभा राहिला. पहिला शेतकरी, दुसरा, तिसरा. माणिकराव. बोंड डोक्यावर, नजर कोपऱ्यात. हात तसाच वर असताना पाचवा शेतकरी आला. कंपनीनं तिथंच कापलं होतं.

"हात खाली येतच नाही, मावशी."

"मले माहीत हाय."

पुन्हा फेरा सुरू झाला. देऊळघाटवाला ताटकळत उभा. इमामबीला काही कळेना.

"क्या हुआ, बेबी?"

"हात वर धरून उभे हायत ते. कवाचे."

इमामबी काठीचा आधार घेत उठली. थप्पी चाचपत पुढं गेली, टीव्हीखाली थांबली. वर माणिकरावांचा हात उचलला गेला, तेव्हा बेबीताई म्हणाल्या, "आता."

म्हातारीनं ओंजळ पुढं केली. "ला, दे."

जाकीरनं बटण दाबलं.