दोन संगणकांमधली खुर्ची

मित्रांनो, मला पाच पाय आहेत, पाचांनाही चाकं आहेत, आणि तरी मी सारा जन्म एकाच जागी गोल फिरण्यात घालवला. मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. पण कंटाळू नका, खरी धमाल पुढे आहे!

कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळीशार होते. एका मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीत मला ठेवलं. माझ्यावर बसायच्या ताई. त्यांच्या डावीकडे एक संगणक, उजवीकडे दुसरा. कोणत्या रुग्णाला कोणतं रक्त हवं ते डावीकडे दिसायचं, फ्रीजमध्ये काय शिल्लक आहे ते उजवीकडे. डावीकडे वाचायचं, गर्रकन वळायचं, उजवीकडे शोधायचं. दिवसभर हेच. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे, खुर्ची जराही कुरकुरत नाही म्हणून. कुरकुरत होती ताईंची मान. तिच्याकडे कोण बघतो!

आतल्या थंड खोलीत दोन सर्व्हर होते, एक रुग्णविभागाचा, एक रक्तपेढीचा. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची माहिती सांभाळणारा मोठा संगणक. हे दोघे वेगळ्या बनावटीचे, वेगळ्या वळणाचे. एकाच घरात दोन चुली मांडलेल्या जावाच म्हणा. त्यांना एकत्र आणायचं कुणी मनावर घेत नव्हतं, कारण दोन विभागांच्या साहेबांचंच आपसात पटत नव्हतं. स्पष्ट सांगते, भांडण साहेबांचं आणि मोडत होती ताईंची मान.

शेवटी डॉक्टरांनी बजावलं, हे वळणं तरी सोडा, नाही तर ही नोकरी. ताईंचा जीव त्या कामात होता. तेव्हा आल्या वायरकाकू. नेटवर्कचं काम करायच्या, खांद्यावर सदा केबलचं वेटोळं, म्हणून हे नाव. एकच संगणक दोन्ही सर्व्हरना जोडून देते, म्हणाल्या. पेढीच्या साहेबांनी नाक मुरडलं. आज जमलं तर जमलं, नाही तर उद्या इथे दुसरं माणूस बसेल, असं सुनावून ते मागेच उभे राहिले.

पहिला सर्व्हर चुटकीसरशी उघडला! दुसरा मात्र हटून बसला. केबल ठीक, पासवर्ड ठीक, तरी पडद्यावर ‘प्रवेश नाही’. ताईंनी माझे हात इतके घट्ट धरले की माझे स्क्रू करकरले. काकू दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यातली वेळ बघू लागल्या.

“साहेब, तुमच्या सर्व्हरचं घड्याळ पुढे कुणी केलं?”

“मीच. हजेरी त्यावर लागते. माणसं वेळेवर यावीत म्हणून.”

“माणसं आली वेळेवर. संगणक बिचारा दाराबाहेर उभाय.”

घड्याळं जुळली नाहीत की सर्व्हरला संशय येतो आणि तो दार लावून घेतो. साहेबांचे कान लाल झाले. काकूंनी वेळ सारखी केली, ताईंनी बटण दाबलं, आणि काय सांगू मित्रांनो! रुग्णाची मागणी आणि फ्रीजमधला साठा एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी!

दुसरा संगणक त्याच दुपारी उचलून नेला. आता माझं फिरणं संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात ताईंनी इकडेतिकडे बघितलं, पायाने जमीन ढकलली आणि माझ्यावर बसून एक पूर्ण गिरकी घेतली. कामाशिवायची माझी पहिली गिरकी!

मुलांनो, खुर्चीला तेल घाला, माझी ना नाही. पण आधी तिच्यावर बसलेल्या माणसाला विचारा, “मान दुखते का?”