शेजारचा विस्तव

हेप्सीने चूल उकरली, पण राखेखाली एकही निखारा जिवंत नव्हता.

रात्री निखारे राखेत पुरून ठेवणे हे तिचे काम. राखेचा थर जाड असला, की ते सकाळपर्यंत धुमसत राहतात. काल झोप अनावर झाली म्हणून तिने वरवर राख ओढली आणि निखारे रात्रीतच जळून संपले. घरात चकमक होती, पण ठिणगी धरणारी जळकी चिंधी पावसाळी हवेने ओलसर झाली होती. आईने चकमक झाडून झाडून बोटे सोलवटून घेतली. विस्तव पेटला नाही.

आणि उद्या आभाराचा दिवस, सुगीनंतर देवाचे आभार मानायचा. सकाळी सारे गाव प्रार्थनाघरात जाणार, मग घरोघर पंगती बसणार. हेप्सीकडे दोन्ही काका बिऱ्हाडासह यायचे होते. कणकेच्या पारीत भोपळ्याचे आणि सफरचंदाचे सारण भरलेल्या थाळ्या फळीवर तयार होत्या. पण विटांची भट्टी अर्धा दिवस लाकडे जाळल्याशिवाय भाजण्याजोगी तापत नाही. लवकर विस्तव मिळाला नाही, तर पाहुण्यांपुढे कच्ची कणीक ठेवायची वेळ येणार होती.

विझलेल्या चुलीसाठी शेजारून विस्तव मागायची तिथली रीतच होती. पण शेजारी म्हणजे क्रेन. उन्हाळ्यात त्यांचे डुक्कर बाबांच्या मक्यात शिरले. बाबा म्हणाले, डुक्कर आवरा. क्रेन म्हणाला, आधी कुंपण नीट करा. तेव्हापासून बोलणे बंद, आणि त्यांच्या दारात कुणी पाऊल ठेवायचे नाही, असे बाबांनी घरात बजावलेले. पलीकडचे घर इतके लांब, की निखारे वाटेतच विझले असते.

बाबा पहाटेच गिरणीवर गेले होते. आई हेप्सीला जा म्हणाली नाही, जाऊ नको असेही म्हणाली नाही. हेप्सीने झाकणाचे लोखंडी भांडे उचलले.

क्रेनकाकू दारात कोंबडीची पिसे काढत बसल्या होत्या.

"काय गं, आमचं डुक्कर परत आलंय का तुमच्याकडे?"

"विस्तव हवाय, काकू. आमचा विझला."

"कुणी विझवला?"

"मीच."

काकूंनी हसू दाबले आणि तिला आत नेले. भांड्याच्या तळाशी राख, त्यावर ओकच्या लाकडाचे निखारे, वर पुन्हा राख. थर किती जाड हवा, ते त्यांनी बोट खुपसून दाखवले. विस्तव मागायला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, डुकराचं डुकराच्या जागी, असे त्या म्हणाल्या.

परतताना ओढ्यापाशी गिरणीच्या वाटेने येणारे बाबा भेटले. घोड्यावर पिठाची पोती होती. त्यांनी भांडे पाहिले, ती आली त्या वाटेकडे पाहिले.

"कुणाकडून आणलास?"

हेप्सीने नाव सांगितले. काल रात्री राख नीट ओढली नाही, हेही सांगून टाकले.

बाबांनी झाकण उघडले. निखारे मंदावले होते. ते गुडघ्यांवर बसले, झाडाची वाळकी साल सोलून आत टाकली आणि निखारे लाल होईपर्यंत हळूहळू फुंकर घालत राहिले. मग घोड्याचा लगाम हेप्सीच्या हाती दिला आणि भांडे स्वतः घेतले. क्रेनबाई काय म्हणाली, ते त्यांनी विचारले. हेप्सीने डुकराचे वाक्य जसेच्या तसे सांगितले.

भट्टी दुपारी तापली. थाळ्या उन्हे उतरताना निघाल्या. दोन कडेने करपल्या होत्या. चांगल्यांतली एक बाबांनी फडक्यात बांधली आणि ते क्रेनच्या घराकडे चालू लागले. बराच वेळ परतले नाहीत. आल्यावर बूट काढता काढता एवढेच म्हणाले, की उद्या पंगतीला सहा माणसे जास्त आहेत.

"एवढी ताटं कुठून आणू मी?" आईने विचारले.

"त्यांची ते घेऊन येतायत."