मी जोडून टाकलेल्या तक्रारी

मित्रांनो, लायब्ररी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं आणि 'शांतता राखा'ची पाटी येत असेल. मी त्यातली नव्हे. मी संगणकाच्या पोटात राहणारी एक जुनी लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी हाक मारली की ठरलेलं काम करून देणारा सूचनांचा संच. मला ना कागद, ना शाई. बीडमधल्या पंपांच्या एका दुकानाच्या माळ्यावर, गोणपाटाखाली एक पिवळा पडलेला संगणक आहे. त्यात मी पडून आहे. हल्ली मला कुणी काही विचारत नाही, आणि खरं सांगू? नाही विचारत तेच बरं, असं मला पुष्कळदा वाटतं. का, ते सांगते.

बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली, आणि बीडसारख्या गावातही गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. नागप्पा नावाचे एक व्यापारी होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ते पंप विकायचे आणि आसपासच्या गावांतले हापसे, म्हणजे हातपंप, दुरुस्त करून द्यायचे. हापसा बिघडला की गावातून फोन येई. दुकानात बंकट नावाचा गडी फोनवर बसलेला असे. तो चिठ्ठी लिहून भिंतीतल्या खिळ्याला टोचायचा. वारा सुटला की निम्मी गावं उडून गटारात जायची.

म्हणून अप्पांनी पुण्याहून तक्रारी नोंदवायचा एक तयार प्रोग्राम आणला. त्यात प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळे, ती कुणाकडे सोपवली आणि मिटली की नाही हे कळे. प्रोग्राम मोठा गुणी होता, पण इंग्रजी झाडायचा आणि साध्या गोष्टीला दहा खिडक्या उघडायला लावायचा. बंकट चार दिवसांत कातावला.

"अप्पा, हे लई झेंगट हाय," तो म्हणाला. "ह्याच्यापरीस खिळा बरा होता."

तेव्हा अप्पांच्या थोरल्या सुनेनं, रोहिणीनं, पदर खोचला. ती औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकलेली. तिनं पुण्याच्या प्रोग्रामला हात लावला नाही. तो होता तसा ठेवून त्याच्याशी बोलायला मधे मला उभं केलं. असा झाला माझा जन्म.

माझी घडण कशी, तेही सांगते. रोहिणीनं प्रत्येक तक्रारीची एक वस्तू बनवली. त्या वस्तूला आपलं गाव ठाऊक, आपला बिघाड ठाऊक, आणि तिला कामही सांगता येतं. 'उघड' म्हटलं की ती उघडते, 'सोपव' म्हटलं की मिस्त्रीकडे जाते, 'मीट' म्हटलं की मिटते. बाकीची खटपट मी पडद्याआड करायची. पाहुण्यानं नुसतं 'चहा टाका' म्हणावं, साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे ते त्यानं शोधू नये, तसंच. माझ्या जिवावर रोहिणीनं एकच साधी मराठी खिडकी केली. बंकट तीत गावाचं नाव घालायचा, मी आत जाऊन विचारून यायची आणि त्याला उत्तर द्यायची. माझं उत्तर दोनच प्रकारचं असे. तक्रार चालू आहे, किंवा तक्रार मिटली आहे.

काय माझं कौतुक झालं म्हणता! अप्पा आल्यागेल्याला खुर्चीवर बसवून माझी करामत दाखवायचे. "आमच्या सूनबाईनं केलंय," असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. मी तेव्हा फार खूश होते. खरं तर मी होते सांगकामी. सांगितलेलं अचूक करणं आणि बरोबर करणं यांत फरक असतो, हे मला उमगायचं होतं.

उन्हाळा आला आणि फोन वाढले. एक हापसा बंद पडला की एका गावातून सरपंच फोन करी, मास्तर करी, किराणावालाही करी. एकाच हापशाच्या चार तक्रारी होत, आणि दुकानाचा म्हाळू मिस्त्री पान्हे घेऊन दुरुस्त झालेल्या हापशाकडे पुन्हा जाई. शेवटी तो वैतागून दुकानाच्या पायरीवर बसला.

"वैनी, चालता हापसा बघायला मला कावून पाठवता?" तो रोहिणीला म्हणाला. "तिकडं लोकं हसतेत मला."

रोहिणीनं मला त्याच दिवशी एक नवी गोष्ट शिकवली. गाव तेच, बिघाड तोच, तर तक्रारही तीच समजायची. नवी उघडायची नाही, जुनीलाच जोडून टाकायची. आणि जुनी नुकतीच मिटलेली असेल, तर 'मिटली' असं उत्तर द्यायचं. म्हाळूच्या फुकट खेपा थांबल्या. अप्पांनी पेढे वाटले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सत्कार झाला तो ह्याच कामाबद्दल, आणि माझ्या हातून सगळ्यात वाईट घडलं तेही ह्याच कामामुळे.

आपल्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊकच असेल. माणूस राहतो ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, पण बाहेर कुणी गाव विचारलं की सांगतो मूळ मोठ्या गावाचं नाव. वस्तीचं नाव शहरात कोण ओळखणार? रोहिणीचं माहेर तर आष्टीकडच्या एका शेतवस्तीवरचं. कॉलेजात कुणी विचारलं की तीही 'आष्टी' असंच सांगायची. मला शिकवताना मात्र तिला हे आठवलं नाही. मला कुठून आठवणार?

नेकनूरच्या पलीकडे बोरखडी नावाचं गाव होतं. गावात एक हापसा, आणि ओढा ओलांडून गेलं की खालची वस्ती, तिथे दुसरा. वस्तीवरची निम्मी माणसं ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परतायची. त्या वर्षी ती परतली त्याच आठवड्यात गावातला हापसा बिघडला. म्हाळू जाऊन तो नीट करून आला, तक्रार मिटली. मग वस्तीवरचा हापसा बंद पडला.

सारजाबाई नावाच्या एका बाईनं गावातल्या एसटीडीवरून फोन केला. "सायेब, बोरखडीहून बोलते. हापसा बंद हाय. थेंब येत न्हाई."

बंकटनं विचारलं, मी शोधलं. बोरखडी, पाणी येत नाही. गाव तेच, बिघाड तोच. मी छातीठोकपणे सांगितलं, मिटली आहे.

"मावशी, तुमचा हापसा परवाच नीट केलाय," बंकट म्हणाला.

"न्हाई ओ! मग पाणी कावून येत न्हाई?"

"कॉम्प्युटरवर हाय मावशी. कॉम्प्युटर खोटं बोलंल का?"

तिनं पुन्हा फोन केला. पुन्हा केला. दर वेळी मी तेच उत्तर दिलं, आणि दर वेळी बंकटचा आवाज थोडा चढत गेला. त्याला वाटलं, बाई उगीच छळतेय. तो मनानं वाईट नव्हता. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा दोष. पुढे तिचा फोन यायचा थांबला. मी मनात म्हटलं, बरं झालं, समजलं वाटतं बाईला. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

मग एके दिवशी भर दुपारी एक बाई दुकानाची पायरी चढून आत आली. हातात रिकामा डबा, पायांवर धूळ. रोहिणी गल्ल्याजवळ बसली होती.

"मी सारजाबाई. बोरखडीची," ती म्हणाली. बंकटनं आवाज ओळखला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, किती डाव सांगू तुमाला..."

"भांडाया न्हाई आले बाबा. नात हितल्या दवाखान्यात हाय, तिला घोटभर पेज न्यायची म्हणून बाहेर पडले. वाटंत तुमची पाटी दिसली." तिनं डबा खाली ठेवला. "ओढ्यात झिरा उकरून पाणी भरत होतो आमी. गढूळ, पण करता काय? पोरीला हगवण लागली. डाक्टर म्हणतो, लई उशीर केला. म्हणून हात जोडाया आले. आमचा हापसा तेवढा करून द्या."

बंकटनं सवयीनं नाव घातलं. मीही सवयीनं उत्तर दिलं. पडद्यावर अक्षरं उमटली, मिटली आहे. त्या माउलीसमोर, तिच्या तोंडावर. मला डोळे असते तर मी ते मिटून घेतले असते.

रोहिणी उठून आली. "मावशी, कुठला हापसा?" तिनं विचारलं.

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी तर नाहीच.

"आमचा. खालच्या वस्तीचा. गावातला चालतोय की! पर ओढा चढून तिथं गेलं तर गावातल्यांनाच पुरंना, आमाला कोण भरू देतंय?"

रोहिणीचा चेहरा उतरला. तिनं बंकटला बाजूला केलं आणि स्वतः माझ्यासमोर बसली. तिनं मला विचारलं, तू आजवर कुठल्या कुठल्या तक्रारी एकमेकींना जोडल्यास? मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. मी एकेक तक्रार काढून तिच्यापुढे ठेवत गेले. उमापूरकडची होती, तिच्या माहेरच्या बाजूची, आष्टीकडचीही होती. गावं तीच, पण फोन करणारी माणसं वेगळी. काहींनी दोनदा फोन केला होता, काहींनी एकदाच करून नाद सोडला होता. रोहिणी वाचत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सारजाबाई बिचारी गोंधळून उभी होती. ह्या बाईला रडायला काय झालं, ते तिला कळेना.

अप्पा आतून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ रोहिणी, मशीनची चूक झाली म्हणून सांग. लोक मशीनला काई म्हणत न्हाईत. आपलं नाव कशाला खराब करायचं?"

"अप्पा, मशीनला मीच शिकवलंय," रोहिणी म्हणाली. "नाचता येईना, अंगण वाकडं, असं कसं म्हणू मी?"

मला आतून वाटत होतं, ढकल बाई, माझ्यावर ढकल. मला ना अब्रू, ना नातीगोती. पण तिनं ढकललं नाही. ती तिथल्या तिथे म्हाळूला घेऊन जीपनं निघाली. जाताना बंकटला म्हणाली, "तू फोन घे, आणि ह्या सगळ्या गावांना एकेक करून विचार, हापसा कुठला होता म्हणून. आणि आधी माफी माग."

बंकट संध्याकाळपर्यंत फोनला चिकटून होता. त्याचा तो चढलेला आवाज पुन्हा कधी ऐकू आला नाही.

वस्तीवर काय झालं, ते रोहिणीनं परतल्यावर अप्पांना सांगितलं तेव्हा मी ऐकलं. पेज पोचवून झाल्यावर सारजाबाईही जीपमधून वस्तीवर गेली होती. म्हाळूनं नळ्या उपसल्या. आतलं वायसर झिजून गेलेलं, दांडी सुटलेली. दोन तासांत काम झालंही. एवढ्याशा कामासाठी ती माणसं ओढ्यात वाळू उकरत होती. हापसा मारला, आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग नितळ.

बायका घागरी घेऊन धावल्या. रोहिणी त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही खरं सांगत होतात, आणि मी बसल्या जागी तुम्हाला खोटं पाडलं." एक जण पुटपुटली, "आता बोलून काय उपेग?" ते खरंच होतं.

मग सारजाबाई पुढे झाली. तिनं तांब्या विसळला, हापशाखाली धरला, भरला. बायका वाट बघत होत्या, घागरी रिकाम्या होत्या. तिनं तो पहिला तांब्या रोहिणीच्या हातात दिला.

"घे लेकी," ती म्हणाली. "उन्हातनं आलीस. आधी तू पी."

"अप्पा, तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या," रोहिणी सांगत होती. "तिनं पाणी दिलं." अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

नात वाचली. अंगानं फार खंगली होती, पण घरी आली. रोहिणी रोज दवाखान्यात जात होती. तिनं मलाही दुरुस्त केलं. मला एक तिसरं उत्तर शिकवलं, 'मला ठाऊक नाही, विचारून घ्या.' बंकट ते पडद्यावर दिसलं की लगेच विचारायचा, "मावशी, हापसा नेमका कुठला?" त्यानंतर मी बरीच वर्षं काम केलं. मग नवे संगणक आले, माझ्याहून हुशार लायब्रऱ्या आल्या, आणि मला माळ्यावर टाकलं. त्याचं मला दुःख नाही. जुनं झालं की बाजूला सरावंच लागतं. दुःख आहे ते त्या माणसांचं, ज्यांना बंकटनं फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, 'ती वस्ती तर पाण्यावाचून उठून गेली.' त्यांची तक्रार मी कधी मिटवली, ते मला अजून पाठ आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारख्या पुष्कळ लायब्रऱ्या घडवाल. त्यांना हुशार करा, चपळ करा. पण जे ठाऊक नाही ते 'ठाऊक नाही' म्हणायला आधी शिकवा. आणि तुमच्या दाराशी कुणी दुसऱ्यांदा तेच गाऱ्हाणं घेऊन आलं, तर त्याला पायरीवरूनच परतवू नका. त्याला आत बोलवा, बसायला द्या, पाणी द्या. आधी पाणी द्या, मग विचारा.