नकाशातलं हिरवं

आमच्या हॅमिल्टनच्या ऑफिसातल्या यूलियाचं गाव इंडोनेशियात, बोर्निओच्या जंगलात आहे. कुणी नावही ऐकलेलं नाही. परवा एका फार्मवर दूध काढायचं मशीन दुरुस्त करायला आम्ही दोघी निघालो. गाडी ती चालवत होती. मी फोनवरच्या नकाशात तिचं गाव शोधलं, तर सगळीकडे हिरवंगार.

मला मेलीला बोलायची घाई! "नशीबवान आहेस गं, तुमचं जंगल अजून टिकलंय."

तिनं गाडी फार्मच्या फाटकातून आत घेतली.

फार्मवर गायींपुढे पेंड टाकलेली होती. यूलियानं मूठभर उचलून हुंगली.

"ही पामच्या बियांची पेंड, आमच्याकडचीच," ती म्हणाली. "तुला फोनवर हिरवं दिसलं ना, ते जंगल नाही, जंगल तोडून लावलेले हे पाम."

तिनं मूठ गायीपुढे उघडली. गायीनं तळहात चाटून साफ केला.