पिवळी कड

रंगमास्तरांना रंग दिसत नाहीत, हे डॉक्टर सोडले तर जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस मागच्या वर्षी वारलं.

पस्तीस वर्षं मास्तरांनी कापड कारखान्याच्या रंगखात्यात काढली होती. ताग्याचा कोपरा खिडकीपाशी धरायचा, मान तिरकी करायची आणि "निळा चिमूटभर जास्त झालाय," असं सांगून चहा प्यायला निघून जायचं. मागे शंभर ताग्यांचं काय व्हायचं ते होवो. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांनीही निवृत्ती घेतली. आधी हिरवा गेला, मग लाल, मग ज्याच्यावर आयुष्यभर रागावले तो निळा. उरलं एक राखाडी धुकं, आणि त्या धुक्यात, का कोण जाणे, ठसठशीत पिवळा.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा बायको शेजारीच बसली होती.

"कोणाला बोलायचं नाही," मास्तर बाहेर आल्यावर म्हणाले. "मुलाला कळलं तर घर विकून मला त्याच्या दहाव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. शोभेच्या कुंडीसारखा."

दुसऱ्या दिवशी ती पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आली आणि जिन्याच्या अकरा पायऱ्यांच्या कडा, दारांच्या मुठी, दिव्यांची बटणं, कपांचे काठ, जे म्हणून आपटण्यासारखं, अडखळण्यासारखं किंवा चुकण्यासारखं होतं ते सगळं रंगवून काढलं. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मला आवडतो पिवळा." सून त्याला 'आईंचं पिवळं वेड' म्हणायची. वेड म्हणवून घ्यायला तिची कधी हरकत नसे. मास्तरांचं गुपित त्या वेडाच्या आड सुखाने नांदत होतं.

ती गेली आणि वर्षभराने सून एका सजावटकार बाईंना घेऊन आली. बाबांना भेट म्हणून घर नवं करून द्यायचं, असं ठरलं होतं. बाबांना न विचारता ठरलं होतं, कारण भेट म्हणजे भेट.

बाईंनी घरभर चक्कर मारली आणि हृदय तपासल्यासारख्या गंभीर झाल्या.

"घर कसं एका सुरात बोललं पाहिजे. इथे प्रत्येक खोली वेगळं भांडतेय. आणि हे पिवळं तर सगळ्यांच्या मध्ये ओरडतंय!"

मग त्यांनी टेबलावर वीस पुठ्ठे मांडले. धुक्याचा पांढरा, शिंपल्याचा पांढरा, भिजल्या वाळूचा, जुन्या कागदाचा. मास्तरांना वीसही पुठ्ठे एकच दिसत होते. तसं ते डोळस माणसालाही एकच दिसले असते, पण बोलायची हिंमत कोण करणार?

"बाबा, तुम्ही रंगातले. तुम्हीच निवडा," सून म्हणाली.

मास्तरांनी एक पुठ्ठा उचलला, खिडकीपाशी नेला, मान तिरकी केली.

"हा."

"काय नजर आहे!" बाई म्हणाल्या. "मीही हाच म्हणणार होते."

'पिवळं राहू द्या' एवढे तीन शब्द मास्तरांच्या जिभेवर आले होते. पण मग 'का?' असा प्रश्न आला असता. ते गप्प बसले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे जेवढे डोळे होते तेवढ्यांदेखत, घर पुसलं गेलं. भिंती, दारं, पायऱ्या, पडदे, सगळं एका सुरात. नव्या कपाटांना मुठीच नव्हत्या, ढकलली की उघडायची. काठ रंगवलेले कप सुनेने भंगारात दिले.

पहिल्या आठवड्यात मास्तरांच्या नडगीला तीन ठिकाणी जखमा झाल्या. "व्यायाम वाढवलाय," ते म्हणाले. बराचसा वेळ ते खुर्चीत बसून काढू लागले. घर एका सुरात बोलत होतं आणि त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

मग एका सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पिवळी कड उमटलेली दिसली.

रंगारी मिस्त्रींना बोलावणं गेलं. "खालचा रंग वर येतो कधी कधी," ते म्हणाले. "हट्टी असतो पिवळा. दोन हात अजून मारतो." त्यांनी मारले. दुसऱ्या सकाळी पाच पायऱ्या पिवळ्या होत्या. पुन्हा हात मारले. तिसऱ्या सकाळी अकराही. मिस्त्री विनोद करायचे थांबले, कारण त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नव्या कपाटाच्या दारावरही बोटभर पिवळी पट्टी आली होती, जिथे हात लावून ढकलायचं बरोब्बर तिथे.

"मास्तर," मिस्त्री हळूच म्हणाले, "हे दार थेट कारखान्यातून आलंय. ह्याला खालचा रंगच नाही. आणि माझ्या गाडीत पिवळ्याचा एक थेंब नाही."

मास्तरांनी पट्टीवरून बोट फिरवलं. कुंचला शेवटी किंचित उचलून घ्यायची एक सवय असते. ती पट्टी शेवटाला तशीच बारीक होत गेली होती. ती सवय त्यांच्या ओळखीची होती.

मुलगा सुट्टी काढून आला. मिस्त्री घरात होतेच, आणि सजावटकार बाईही पुठ्ठे घेऊन आल्या होत्या. त्याने पायऱ्या पाहिल्या, कपाट पाहिलं आणि बापाकडे बघण्याचं टाळलं.

"बाबा, रागावू नका. तुम्हीच करताय ना हे? आईची आठवण येते, मला कळतं. पण माणूस असं करायला लागला की... तुम्ही आता एकटे राहू नका. पुढच्या महिन्यात घर विकू, तुम्ही आमच्याकडे चला."

मास्तरांना हसू आलं. डोळे गेल्याचं लपवावं तर डोकं गेल्याचं मानलं जात होतं.

"मी नाही केलं."

"मग कोणी केलं? घरात दुसरं आहे कोण?"

या प्रश्नावर मिस्त्रींनी दाराच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

"अरे, मला रेघ ओढता येणार नाही," मास्तर म्हणाले. "मला पिवळ्याशिवाय काही दिसत नाही. चार वर्षं झाली. तुझ्या आईला माहीत होतं. हे सगळं वेड तिने माझ्यासाठी पांघरलं होतं."

बाईंच्या हातातले पुठ्ठे घसरले. "पण तुम्ही तो रंग निवडलात..."

"बाई, आपण दोघांनी निवडला."

मुलगा पुढे आला. "मग तर तुम्ही इथे मुळीच..."

"चहा घेणार?" मास्तरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठले. वरच्या खोलीतून चष्मा आणला. त्याचा आता काही उपयोग नव्हता, पण जिना चढून दाखवायचा होता. अकरा पायऱ्या चढले, अकरा उतरले, कठड्याला हात न लावता. कपाट पट्टीवर ढकललं, पातेलं काढलं, पाणी मोजलं. सगळे मागे उभे होते.

गॅसपाशी मात्र हात हवेत थांबला. नवी शेगडी, राखाडी ओट्यावर राखाडी बटणं. धुकंच धुकं.

"अगं," मास्तर पुटपुटले. लग्नानंतर चाळीस वर्षं काही सापडलं नाही की ते असंच पुटपुटायचे.

बोटाखाली एक पिवळा ठिपका होता. त्यांनी बटण फिरवलं, गॅस पेटला.

चहा सगळ्यांनी उभ्यानेच घेतला. साखर बरोबर होती. मुलाने कप खाली ठेवला आणि त्या बटणाकडे बघितलं.

"राहा इथेच," तो शेवटी म्हणाला. "मी दर रविवारी येईन."

मिस्त्रींनी बटणाला हळूच बोट लावलं. बोट ओलं झालं. ते त्यांनी पँटला पुसलं आणि मजुरी न मागता निघून गेले. रंगकामाच्या धंद्यात अशी घटना पूर्वी घडल्याचं कोणाला आठवत नाही.

बाईंनी घराचे फोटो काढले आणि खाली लिहिलं, प्रत्येक खोलीतून एकच पिवळी रेघ फिरवून घर एका सुरात कसं बांधलं ते. खोटं असं त्यात काही नव्हतं. फक्त कोणी बांधलं ते लिहायचं राहून गेलं.

त्या दुपारी सगळे गेल्यावर मास्तर नव्या, कोऱ्या, जुन्या कागदाच्या रंगाच्या चादरीवर आडवे झाले. बायको गेल्यापासून ते बिनधास्त पलंगभर पसरून झोपत. ती असताना यावरून रोज भांडण व्हायचं.

तासाभराने जाग आली. कूस बदलताना हाताला काहीतरी ओलं लागलं. त्यांनी डोळे बारीक केले. धुक्यात, चादरीच्या बरोब्बर मधून, उशीपासून पायापर्यंत सरळ एक पिवळी रेघ गेली होती. शेवटाला बारीक होत.

मास्तर रेघेच्या पलीकडे गेले होते.

"बरं, बरं," ते म्हणाले, आणि आपल्या बाजूला सरकले.