धावपट्टी शून्य नऊ

"तुमचं ड्रोन जमिनीखालून उडणार आहे," विमानतळाच्या टॉवरवरचे साहेब म्हणाले. "पाचशे चाळीस मीटर खालून. त्याला माझी नाही, खाण खात्याची परवानगी लागते."

अर्जात मी उंची लिहिली होती साठ मीटर, आणि खूण केली होती 'समुद्रसपाटीपासून' या चौकटीत. हे मैदान समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणूनच डोक्यात गेलं.

हा सातवा अर्ज. एकदा सही चौकटीबाहेर गेली म्हणून परत आला होता, एकदा ड्रोनचं वजन पंख्यांसकट की पंख्यांशिवाय ते लिहिलं नाही म्हणून.

"काका, नऊ वर्षांत इथे एक विमान उतरलेलं नाही."

"मी तुमचा काका नाही. आणि आलं तर?"

"कुठून येणार?"

"वरून. विमानं वरूनच येतात."

ड्रोनच्या नकाशावर उड्डाणबंदीचं पाच किलोमीटरचं लाल वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध हे गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, नखांत पांढरा रंग. यांनी होकाराचं बटण दाबल्याशिवाय माझं ड्रोन पंखा हलवत नव्हतं. ते माझ्यापेक्षा सरळमार्गी आहे.

मी तिथेच खूण दुरुस्त केली आणि अर्ज पुढे ढकलला. त्यांचं बोट ओळीओळीवरून सरकत 'उड्डाणाचा हेतू' इथे थांबलं. तिथे मी सातही वेळा खरं तेच लिहिलं होतं: विमानतळ बंद करण्यासाठी मोजणी. मोजणी झाली की टॉवर पाडणार होते आणि साहेबांना एकतीस वर्षांनी घरी बसवणार होते.

"खोटं लिहायचं होतं," ते म्हणाले. "फेटाळता आलं असतं."

"मला सहा हेलपाटे घालायला लावलेत. मजा आली ना?"

"नाही." त्यांनी जरा आठवून पाहिलं. "दोनदा आली."

मग अर्ज पुन्हा वरपासून वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"चूक नाही," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

मी खाली जायला निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात वॉकीटॉकी कोंबला. मैदानात पोचलो तोच तो खरखरला.

"ड्रोन, धावपट्टी शून्य नऊ. वारा पूर्वेचा, मंद. उड्डाणाला परवानगी."

"बरं."

"बरं नाही. पूर्ण म्हणा."

दात-ओठ खात पूर्ण म्हटलं. ड्रोन वर गेलं. साठ मीटर, जमिनीपासून.

"वरून आकडे वाचता येतात का?" वॉकीटॉकीने विचारलं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. धावपट्टीला सगळीकडे भेगा, भेगांत गुडघाभर गवत. फक्त एका टोकाला चौकोन साफ केलेला होता, आणि त्यात पट्टीने आखल्यासारखे, ताजे पांढरे, दोन मोठे आकडे.

"येतात."

"पूर्ण म्हणा."

"धावपट्टी शून्य नऊ. आकडे स्पष्ट दिसतायत, साहेब."

वॉकीटॉकीतून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"दहा वाजून बावीस मिनिटं. नोंद केली," ते म्हणाले. "काम उरका आणि उतरा. धावपट्टी मोकळी ठेवावी लागते."